दोष कोणाच्या नावावर?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथपासून जवळच असलेल्या दुधाळा गावच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे, हे वृत्त आता जुने झाले. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली, ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. या निमित्ताने जे लेखन आमच्या वाचनात आले त्यात कृष्णविवरे होती, आइन्स्टाइन होते, जिल्ह्याच्या भाग्योदयाची भाकिते होती. एक गोष्ट मात्र त्यात सापडली नाही. ही वेधशाळा जितकी आरशांची आणि लेझरकिरणांची, तितकीच वेळेच्या हिशेबाची जागा असणार आहे. आणि हा हिशेब कसा वाचावा, याला स्वतःचा असा एक इतिहास आहे. तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे जे दोन लायगो शोधक आहेत, त्यांतील आरसे काचेच्या तंतूंनी टांगलेले असतात. ते जागचे हलू नयेत म्हणून संगणक त्यांच्यावर अखंड पहारा ठेवतात. आरसा किती सरकला हे मोजावयाचे, उलट दिशेने किती ओढ द्यावी हे काढावयाचे आणि ती ओढ द्यावयाची, हे चक्र मुख्य नियंत्रणात सेकंदाला १६,३८४ वेळा पुरे व्हावे लागते. म्हणजे एका फेरीच्या वाट्याला सुमारे ६१ मायक्रोसेकंद येतात. पापणी लवते न लवते तोच अशा हजारावर फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. हे संगणक लिनक्सवर चालतात. लिनक्सचा कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये बसून सर्वांना वेळ, जागा आणि रस्ता वाटून देणारा मुख्य कार्यक्रम. (हिंगोलीत एकेकाळी निजामाच्या कंटिंजंटची छावणी होती, तेथले कर्नल निराळे. हा कर्नल गणवेश घालीत नाही, हुकूम मात्र त्याचाही चालतो.) त्याला एकाच वेळी दहा जणांची मने राखावयाची असल्यामुळे ६१ मायक्रोसेकंदांचा वायदा त्याच्या भरवशावर पाळता येत नाही. म्हणून तेथील अभियंत्यांनी कर्नलमध्येच फेरफार करून प्रोसेसरचे काही गाभे त्याच्या ताब्यातून काढून घेतले आणि नियंत्रणाच्या एकाच कामाला जुंपले. कर्नलवर एवढा अविश्वास दाखवावयाचा तर तो वेळ नेमका कोठे घालवतो, हे आधी कोणीतरी मोजलेले असले पाहिजे. ते मोजण्याच्या विद्येला ‘प्रोफायलिंग’ म्हणतात.

या विद्येचे मूळ फार गुंतागुंतीचे नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ साली फोर्ट्रान भाषेतील प्रत्यक्ष वापरातल्या कार्यक्रमांची पाहणी प्रसिद्ध केली. कार्यक्रमाचा चार टक्क्यांहूनही कमी भाग साधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे त्यांना आढळले. तो भाग कोणता, हे लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. आपल्याच कादंबरीत वाचक नेमका कोठे अडखळतो हे कादंबरीकाराला ठाऊक नसावे, तसेच हे आहे. तेव्हा अंदाज सोडून मोजावयाचे ठरले. मोजण्याची सर्वांत सोपी रीत ही की, घड्याळाच्या ठरावीक ठोक्याला यंत्राला क्षणभर थांबवावयाचे, त्या क्षणी ते कोणत्या ओळीवर आहे हे टिपावयाचे आणि सोडून द्यावयाचे. ऊसतोडीच्या फडावर मुकादम अधूनमधून चक्कर टाकतो आणि त्या घटकेला कोण काय करीत आहे एवढेच वहीत लिहून जातो, तसे. दिवसभरात अशा शेकडो फेऱ्या झाल्या की कोणाचे नाव कोणत्या कामापुढे किती वेळा आले यावरून फडाचे एक चित्र तयार होते. एकेकाळच्या लिनक्समध्ये घड्याळाचा ठोका सेकंदाला शंभर वेळा पडे, आणि कर्नलला सुरुवातीलाच तसे सांगून ठेवले तर तो प्रत्येक ठोक्याला स्वतःचीच हजेरी लिहून ठेवी. ‘रीडप्रोफाइल’ नावाची आज्ञा ही वही उघडून दाखवी. डावीकडे ठोक्यांची संख्या, पुढे कर्नलमधील त्या त्या कार्याचे नाव, अशी ती साधी यादी असे.

यादी साधी, पण वाचणे सोपे नाही. पहिला फसवा भाग असा, की यादीत पुष्कळदा सर्वांत मोठा आकडा ‘काही करीत नाही’ या कार्यापुढे असतो. सर्व्हर मंद आहे, ग्राहक ताटकळले आहेत आणि प्रोसेसर मात्र रिकामा बसून आहे. येथे दोष यादीतल्या कोणाचाच नसतो. काम ज्याच्यापाशी अडले तो डिस्कपाशी किंवा तारेच्या पलीकडे, म्हणजे यादीबाहेर असतो. दुसरा फसवा भाग अधिक सूक्ष्म आहे आणि आम्हांला तो फार आवडतो. कर्नलला काही नाजूक कामे करताना दार लावून घ्यावे लागते. त्या अवधीत घड्याळाच्या ठोक्यालाही आत प्रवेश नसतो. मुकादम दारावर थाप मारून बाहेर उभा. आत कोणी कितीही वेळ घालवो, त्याची नोंद होत नाही. काम संपते, कोणीतरी कडी काढते, आणि तिष्ठत उभा असलेला मुकादम जे पहिले तोंड दिसेल त्याचे नाव लिहून घेतो. परिणामी यादीत सर्वांत वर नाव येते ते कडी काढणाऱ्याचे! हे कार्य मोजून दोनचार सूचनांचे असते. त्यात वेळ जाण्यासारखे काहीच नसते. नवखा वाचक मात्र त्याच्यावरच तुटून पडतो, ते अधिक वेगवान कसे करता येईल याचा विचार करीत बसतो. पुढे प्रोसेसरमध्येच असलेल्या मोजणीयंत्राचा आधार घेऊन, कोणत्याही दाराने अडवता न येणारा मुकादम पाठवण्याची सोय झाली. लिनक्सवर २००२ च्या सुमारास आलेले ‘ओप्रोफाइल’ हे त्याचे उदाहरण. तोवर जुन्या याद्या वाचणाऱ्याने स्वतःच ओळखावयाचे, की हे नाव गुन्हेगाराचे की दारवानाचे.

१९८२ साली बर्कली येथे सुझन ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल मॅककुसिक यांनी ‘जीप्रोफ’ तयार केले, तेव्हा याच प्रश्नाला त्यांनी निराळ्या बाजूने हात घातला होता. एखादे कार्य वेळ खाते हे कळले, पण ते कोणाच्या सांगण्यावरून? नुसते राबणाऱ्याचे नाव न लिहिता त्याला राबवणाऱ्याचेही नाव लिहावे, आणि राबणाऱ्याचा वेळ राबवणाऱ्याच्या खात्यावर चढवावा, अशी त्यांची योजना होती. योजना मोठी न्यायाची, पण तिच्यात एक गृहीत लपलेले होते. एका कार्याला दोघांनी बोलावले असेल तर वेळेची वाटणी कोणी किती वेळा बोलावले यावरून होई. एकाने शंभरदा हलकी कामे सांगितली आणि दुसऱ्याने एकदाच डोंगर उचलावयास लावला, तरी दोष पहिल्याच्या माथी. सरासरीने केलेला न्याय हा असा असतो. कवीच्या नावावर किती हस्तलिखिते सापडतात ते मोजून कर्तृत्व ठरवू पाहणाऱ्या संपादकांची आम्हांला येथे आठवण होते.

आता ज्या प्रसंगामुळे या साऱ्या वाचनाला धार आली त्या प्रसंगाकडे वळू. तो १९९९ सालचा आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तेही त्याच वर्षी, १ मे रोजी. अर्थात या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माइंडक्राफ्ट नावाच्या चाचणी-कंपनीने एक निष्कर्ष जाहीर केला. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डे असलेल्या एकाच यंत्रावर विंडोज एनटी आणि लिनक्स पाळीपाळीने चालवून पाहिले असता, फाइली पुरवण्यात एनटी अडीचपट आणि वेबपृष्ठे पुरवण्यात ३.७ पट वेगवान ठरले, असा तो निष्कर्ष. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. लिनक्स हे तेव्हा नुसते सॉफ्टवेअर नव्हते, तो एक पंथ होता. जगभरचे लोक बिनमोबदला लिहीत होते आणि आपले लेखन धनाढ्य कंपनीच्या मालाहून सरस आहे या श्रद्धेवर ती सारी उभारणी होती. तेव्हा या निष्कर्षावर किती आगपाखड झाली असेल याची कल्पना करता येईल. चाचणी विकत घेतलेली आहे, लिनक्सची मांडणी मुद्दाम कच्ची ठेवली, चार कार्डांचे असे यंत्र व्यवहारात कोण वापरतो, असे आक्षेप आले. त्यांतील काही खरेही होते. लिनक्सच्या बाजूची मांडणी कच्ची होती, आणि पुढे एका जर्मन संगणक-नियतकालिकाने व्यवहाराशी अधिक जुळणारी चाचणी घेतली तेव्हा तीत लिनक्स मागे पडले नाही.

परंतु जूनमध्ये, तटस्थ प्रयोगशाळेत, लिनक्सच्या जाणकारांना हवी तशी मांडणी करू देऊन तीच चाचणी पुन्हा झाली, आणि एनटी पुन्हा पुढे राहिले. अंतर थोडे कमी झाले, निकाल बदलला नाही. येथे त्या मंडळींपुढे दोन वाटा होत्या. हेतूवर बोट ठेवून निकाल नाकारीत राहणे ही एक. आपल्याकडच्या वाङ्मयीन वादांत ही वाट मळलेली आहे. समीक्षक कोणत्या गोटातला हे सिद्ध झाले की त्याने दाखवलेल्या दोषाचे उत्तर देण्याची जबाबदारी संपते, असे आपण मानतो. दुसरी वाट, हेतू वाईट असूनही मोजमाप खरे असू शकते हे मान्य करून वही उघडण्याची. त्यांनी दुसरी धरली, आणि या पंथाविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो त्याच्या विजयांपेक्षा या एका निर्णयामुळे आहे. सर्व्हरला एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळता येतील हा प्रश्न त्याच वर्षी ज्यांनी लेखरूपाने मांडला, त्या डॅन केगेल यांनी या चाचणीच्या अनुषंगाने कर्नलमधील एकेक दुखणे, त्याविषयी झालेला पत्रव्यवहार आणि सुचवलेले उपाय असे एक टिपण चालवले. ते आजही वाचण्याजोगे आहे, कारण त्यात निदान कसे कसे सरकत गेले हे दिसते.

दुखणी मुख्यतः दोन निघाली. पहिले असे, की त्या वेळच्या २.२ क्रमांकाच्या कर्नलमध्ये नेटवर्कच्या साऱ्या कारभाराला एकच कुलूप होते. प्रोसेसर चार असोत की आठ, कुलपाची किल्ली एकाच्या हाती, इतर रांगेत. एका कार्डावर हे जाणवत नसे. चार कार्डांवर एकदम वर्दळ सुरू झाली की चार खिडक्या आणि एकच शिक्का असलेल्या कचेरीसारखी गत होई. दुसरे दुखणे अधिक चित्रमय आहे. वेब-सर्व्हरच्या अनेक प्रक्रिया दाराशी झोपलेल्या असत. एक ग्राहक आला की कर्नल त्या सर्वांनाच उठवी. सगळ्या धावत, ग्राहक एकीला मिळे, बाकीच्या परत जाऊन झोपत. इंग्रजीत याला उधळलेल्या कळपाची उपमा दिलेली आहे. आपल्याकडे एसटी फलाटाला लागताच जे घडते ते डोळ्यांपुढे आणले तरी पुरे. गंमत ही, की प्रोफाइलमध्ये हा गोंधळ सर्व्हरच्या नावावर नोंदवला जात नसे. आता कोणाची पाळी हे ठरवणारे कर्नलमधील जे कार्य, त्याच्या नावापुढे ठोके वाढत. शेड्यूलर मंद आहे, असे यादी म्हणे.

मग शेड्यूलर निर्दोष होता काय? तसेही नाही, आणि या ठिकाणी हा इतिहास सरळ नीतिकथा होण्याचे नाकारतो. जानेवारी २००० मध्ये आयबीएममधील रे ब्रायंट आणि बिल हार्टनर यांनी गप्पांच्या सर्व्हरची नक्कल करणाऱ्या एका चाचणीखाली लिनक्सचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हजारो धागे एकमेकांना निरोप पाठवीत आहेत अशी ती चाचणी होती. त्यांनाही शेड्यूलरच वर दिसला, आणि त्यांनी आत डोकावून पाहिले. पाळी ठरवताना तो शेड्यूलर रांगेतल्या प्रत्येक उमेदवाराची पात्रता नव्याने काढी. पात्रता काढणाऱ्या कार्याचे नावच ‘गुडनेस’ असे होते. रांग दहाची असेल तर दहा जणांचा चांगुलपणा तपासावयाचा, हजाराची असेल तर हजारांचा, तोही दर खेपेला. शिवाय त्यासाठी लागणारी माहिती स्मृतीत विखुरलेली असे. ती एकत्र आणून ठेवताच वेग वाढला, असे त्यांना आढळले. म्हणजे एका चाचणीत जे नाव दारवानाचे ठरले, तेच दुसरीत खऱ्या दोषीचे. यादी दोन्हीकडे सारखीच. फरक पडला तो, हे कार्य कोणी, किती वेळा आणि कोणत्या परिस्थितीत बोलावले हे विचारण्यामुळे. इंगो मोल्नार यांनी २००२ मध्ये शेड्यूलर नव्याने लिहिला आणि रांगेच्या लांबीशी त्याचा संबंध तोडला. नेटवर्कचे एकच कुलूप जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ क्रमांकाच्या कर्नलमध्ये सुटले होते. म्हणजे माइंडक्राफ्टच्या त्या चाचणीने लिनक्सचे जे भले केले, तितके तिच्या निंदकांनी केले नाही, असे आमचे मत आहे.

जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली मांडलेल्या एका दुखण्याचाही येथे ओझरता उल्लेख करू, कारण ते कोणत्याही कचेरीत ओळखू येईल. नेटवर्कवरून येणारे प्रत्येक पुडके कर्नलला हातातले काम सोडावयास लावते. आवक एका मर्यादेपलीकडे गेली की सारा वेळ आवक-नोंदीतच जातो; जावक शून्य. अशा वेळी प्रोफाइल पाहिले तर यंत्र क्षणभरही रिकामे दिसत नाही. सर्वांत व्यग्र दिसणारे यंत्र आणि सर्वांत निरुपयोगी झालेले यंत्र एकच! उपाय म्हणून त्यांनी सुचवले, की गर्दीच्या वेळी दारावरची घंटा काढून ठेवावी आणि सवडीने स्वतःच जाऊन टपाल आणावे. लिनक्सने पुढे हीच रीत उचलली.

या साऱ्यात साहित्याच्या अभ्यासकाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर औंढ्याच्या परिसरातच आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा याच जिल्ह्यातील नरसीचे नाव घेते (काही अभ्यासक पंढरपूरचे घेतात), आणि त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला तो औंढा नागनाथी, अशी कथा आहे. नामदेवांच्या नावावर जी गाथा छापली जाते तीतील सर्व अभंग त्यांचे नाहीत, हे आता सर्वमान्य आहे. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि इतरही ‘नामे’ तीत मिसळले आहेत. नाममुद्रा सर्वांची जवळजवळ एकच. जुन्या संपादकांपुढे जी वही होती तिच्यात शेवटच्या चरणातले नाव तेवढे टिपलेले होते. प्रोफाइलमध्ये ज्याप्रमाणे ठोक्याच्या क्षणी चालू असलेल्या कार्याचे तेवढे टिपलेले असते. आत कोण होते, कोणी बोलावले, किती हातांतून मजकूर गेला, हे नाममुद्रा सांगत नाही. मग भाषेचे वय, विचारांची ठेवण, इतर संतांच्या रचनांतले उल्लेख अशा बाहेरच्या साक्षी गोळा कराव्या लागतात. त्यांत एक साक्ष फार मोलाची आहे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती पंजाबात, वेगळ्या परंपरेने, वेगळ्या लिपीत जपली गेली. तेथील नोंदीने महाराष्ट्रातील गोंधळ मिटत नाही, पण दूरवरचा हा साक्षीदार आपल्या गोंधळात सहभागी नव्हता, एवढे खरे.

दूरवरचा स्वतंत्र साक्षीदार का हवा, हे लायगोइतके कोणाला कळत असेल असे वाटत नाही. गुरुत्वीय लहर येते तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, क्वचित त्याहूनही कमी बदलते. तेवढे टिपू शकणाऱ्या यंत्राला ट्रक, वारा, समुद्राच्या लाटा आणि विजेच्या तारांमधली गुणगुण हे सारेच ऐकू येते. म्हणून सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर दोन शोधक. १४ सप्टेंबर २०१५ रोजीची पहिली लहर दोन्हीकडे सात मिलिसेकंदांच्या अंतराने उमटली. लहर कशी दिसेल याची आधी गणिताने रूपरेषा काढून ती गोंगाटावर ताडून पाहण्याच्या ज्या पद्धतीने अशा लहरी शोधल्या जातात, तिच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका संस्थेचा वाटा मोठा आहे. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा या विषयावरील महत्त्वाचा निबंध १९९१ चा, म्हणजे लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधीचा.

पण लहर सापडणे हा अपवाद. तेथील बहुतेक दिवस दोष कोणाचा हे ठरवण्यात जातात. २०१७ मध्ये हॅनफर्ड येथे नोंदींत एक विचित्र टोचल्यासारखा आवाज वारंवार येऊ लागला. शोध घेता घेता अभ्यासक इमारतीबाहेरच्या नळीपर्यंत पोहोचले. नायट्रोजनच्या थंडाव्याने तीवर बर्फ धरत असे, आणि उन्हाळ्यात तहानलेले डोमकावळे तो चोचीने टोचत. बर्फावर चोचींच्या खुणा सापडल्या, कावळे प्रत्यक्ष पाहिले गेले, आणि नळीला आच्छादन घालण्यात आले. कावळे हाकलण्याचा ठराव झाला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली, तेव्हा मीलनाच्या १.१ सेकंद आधी लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत पाच मिलिसेकंदांहूनही छोटा एक झटका बसला. तो बाहेरून आलेला नव्हता. यंत्राच्याच नियंत्रणातील एका दुव्याची मर्यादा भरली होती. या झटक्यामुळे स्वयंचलित छाननीने लिव्हिंग्स्टनची साक्ष बाजूला टाकली आणि पहिली सूचना एकट्या हॅनफर्डच्या जोरावर निघाली. माणसांनी नोंद उघडून पाहिली तेव्हा झटक्याच्या दोन्ही बाजूंना ती लहर स्पष्ट दिसत होती. साक्षीदाराला मध्येच उचकी लागली म्हणून त्याची सारी जबानी फेटाळली गेली होती.

दुधाळ्याला हा प्रश्न कोणत्या रूपात येईल, याची आम्हांला उत्सुकता आहे आणि थोडी काळजीही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. तेव्हा गुणगुणीची जागा बदलेल, हे उघड आहे. परंतु भोवती शेती आहे, विहिरींवरचे पंप आहेत, ट्रॅक्टर आहेत, हंगामात उसाच्या गाड्या आहेत. नोंदीत एखादा अनोळखी कंप दिसला की तो ‘गावाचा’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. कडी काढणारा नेहमी समोर दिसतो. लिव्हिंग्स्टन येथे असेच घडू शकले असते. तेथे भोवतालच्या जंगलात दिवसभर लाकूडतोड चाले आणि सुरुवातीच्या वर्षांत त्या हादऱ्यांनी शोधक दिवसा चालवणे जवळजवळ अशक्य झाले होते. तेथील अभियंत्यांनी लाकूडतोड्यांवर बोट ठेवले, ते योग्यच होते. मात्र उपाय यंत्राच्या बाजूने काढला. जमिनीचा कंप मोजून तो उलट दाबाने शोषून घेणारी द्रवचालित बैठक २००४ मध्ये तेथे बसवण्यात आली, आणि शोधक दिवसाही चालू लागला. लाकूडतोड सुरूच राहिली.

आणि जमिनीच्या आवाजाविषयी या जिल्ह्याला स्वतःचे काही सांगावयाचे आहे. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतील लोक जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो असे अनेक वर्षे सांगत आले आहेत. भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, लोक अंगणात येऊन उभे राहतात. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. कान होते आणि एकमेकांची साक्ष होती. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने हिंगोली येथे ४.५ तीव्रतेचा धक्का नोंदवला, आणि ६ वाजून १९ मिनिटांनी ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. पहाटे उठून गोठ्याकडे निघालेल्यांनी धक्क्याची वेळ सांगितली ती त्या नोंदींशी जुळत होती की नाही, हे कोणी पडताळून पाहिल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.